पिकअप बदलून बदलून दमलात तरी नेकचा आवाज गढूळच? नवीन मागवायच्या आधी हे मोजा

दर दोन-तीन महिन्यांनी कोणाचा तरी फोन येतो आणि प्रश्न साधारण तोच असतो, की इलेक्ट्रिक गिटार चांगली आहे, हाताला मस्त बसते, पण नेक पिकअपवर (पिकअप म्हणजे तारांखालचा चुंबकवाला भाग, जो तारेची थरथर अँपला पाठवतो, आणि नेक म्हणजे त्यातला मानेकडचा) जाड तारा वाजवल्या की आवाज गोधडीखालून आल्यासारखा येतो आणि ब्रिजवर, म्हणजे तारांच्या बुडाकडच्या पिकअपवर, गेलं की कानात सुई टोचते, तर आता बुटीक, म्हणजे छोट्या कारागिराने बनवलेला महागडा, पिकअप मागवतोय, कुठला घेऊ? मी आता कुठला घेऊ याचं उत्तर आधी देतच नाही. आधी विचारतो की तुझ्या गिटारीत पॉट, म्हणजे नॉबखालचे रेझिस्टन्स बदलणारे भाग, किती के चे (के म्हणजे हजार ओहम) आहेत, केबल किती मीटरची आहे आणि पिकअप तारेपासून किती लांब आहे. आजवर या तिन्हीचं उत्तर लगेच देणारा एकच जण भेटलाय.

हे मी अनुभवाने सांगतोय. माझ्याकडे दोन हंबकरवाली (हंबकर म्हणजे दोन कॉइलचा पिकअप) लेस पॉल टाइप गिटार आहे, सेकंडहँड घेतलेली, तिच्यात पाच वर्षांत तीन वेळा पिकअप बदलले. आधी कंपनीचे काढून जास्त आउटपुटचे सिरॅमिक चुंबकाचे घातले, आवाज मोठा झाला पण नेक आणखीनच चिखल. मग विंटेज टाइप, म्हणजे जुन्या धाटणीचे, अल्निको चुंबकाचे घातले, थोडा फरक पडला, महिनाभर बरं वाटलं, आणि पुन्हा तेच. मग परदेशातून हाताने वाइंड केलेला, म्हणजे तार हाताने गुंडाळलेला, नेक पिकअप मागवला, कस्टम ड्युटी आणि कुरिअरवाल्याचे वेगळे पैसे भरले, बसवला, अँप चालू केला आणि पहिल्या कॉर्डलाच कळलं की मूळ दुखणं तसंच आहे. पिकअप उत्तम होता, आजही तोच आहे त्या गिटारीत. पण दोष पिकअपमधे नव्हताच.

तर सगळ्यात आधी फुकटातल्या किंवा स्वस्तातल्या गोष्टी. तारा नव्या लावा. मुंबईत, कोकणात, गोव्यात पावसाळ्यात निकेलच्या तारा दोन आठवड्यांत मरतात, चमक राहते पण ट्रेबल जातो, आणि मेलेल्या तारांवर पिकअपबद्दल कुठलाही निर्णय घेणं चूक आहे. मग उंची. सगळ्यात जाड आणि सगळ्यात बारीक तार शेवटच्या फ्रेटवर दाबून धरायची आणि तारेच्या खालच्या कडेपासून पिकअपच्या पोलपर्यंतचं (पोल म्हणजे तारेखालचा लोखंडी खुंटा) अंतर बघायचं. हंबकरला सुरुवात म्हणून ब्रिजवर १.६ मिमी आणि नेकवर २.४ मिमी धरा. मोजायला फूटपट्टी आत जात नाही, त्यासाठी पाकिटातली कार्डं वापरा. एटीएम कार्ड ०.७६ मिमी जाडीचं असतं, म्हणजे दोन कार्डं जवळपास दीड मिमी आणि तीन कार्डं सव्वादोनच्या वर थोडं. फक्त नंबर उठून आलेली जुनी कार्डं नकोत, सपाट घ्या.

माझा नेक पिकअप जाड तारेच्या बाजूला जेमतेम एक कार्ड जाईल एवढा वर आणलेला होता. आउटपुट वाढावं म्हणून आणलेला असणार. नेकपाशी तारेची हालचाल ब्रिजपेक्षा बरीच मोठी असते, त्यामुळे तिथे पिकअप जवळ आणला की सगळ्यात आधी बेसच वाढतो. जाड तारेच्या बाजूचा स्क्रू अर्धा अर्धा फेरा खाली घ्या, प्रत्येक वेळी वाजवून बघा, आणि मग बारीक तारांचे पोल स्क्रू थोडे वर काढा. आवाज लहान होईल, तो अँपवर वाढवता येतो. एवढ्यावरच ज्यांचं काम भागतं असे लोक खूप आहेत, आणि ते कळायच्या आतच बहुतेकांनी पैसे भरलेले असतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता पॉट. पुण्यात बुधवार पेठेच्या बाजूला एक काका रेडिओ आणि अँप दुरुस्त करतात, माझा जुना अँप त्यांनीच उभा केलाय. गिटार त्यांचा विषय नाही, पण मी वैतागून गिटारच घेऊन गेलो त्यांच्याकडे. मी सुरू झालो, काका, वाइंडिंग असं आहे, मॅग्नेट तसा आहे, आणि त्यांनी मधेच थांबवलं, म्हणाले, "अरे आधी मागचं झाकण उघड. तू मला पुस्तक सांगतोयस, मला आकडा सांग." झाकण उघडलं, आत चार पॉट, पाठीवर धूळ आणि जुन्या सोल्डरचे ढेकळासारखे गोळे. एका पॉटच्या कडेला बारीक अक्षरात छापलं होतं, बी २५० के. काकांनी चष्मा कपाळावर चढवून पॉट डोळ्याजवळ धरला आणि मला म्हणाले, "हे काय लिहिलंय ते वाच मोठ्याने." मी पाच वर्षं ती गिटार वाजवत होतो, तीन वेळा त्याच पॉटवर पिकअपची वायर सोल्डर केली होती, आणि ती अक्षरं कधी वाचली नव्हती.

याचा अर्थ काय ते नीट सांगतो, कारण सगळी गोम इथे आहे. पिकअप म्हणजे लोहचुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, स्ट्रॅट गिटारच्या सिंगल कॉइलमधे (एकाच कॉइलचा पिकअप) साधारण ८००० आणि पीएएफ टाइप, म्हणजे गिब्सनच्या जुन्या धाटणीच्या, हंबकरच्या दोन्ही कॉइलमधे प्रत्येकी ५००० च्या आसपास. अशा कॉइलचा वरच्या भागात एक रेझोनन्सचा उंचवटा असतो, आपण ज्याला आवाजातली धार म्हणतो, पिकचा टक म्हणतो, तो तिथून येतो. व्हॉल्यूम आणि टोन पॉट दोन्ही पूर्ण दहावर असले तरी ते पिकअपवर ओझं टाकतच असतात, आकडा जितका लहान तितकं ओझं जास्त, आणि सारखे दोन असले की दोघांचा मिळून आकडा निम्मा होतो, म्हणजे ५०० के चे दोन असतील तर पिकअपला २५० के दिसतात, २५० के चे दोन असतील तर फक्त १२५ के. ओझं वाढलं की तो उंचवटा सपाट होतो. सिंगल कॉइल मुळात धारदार असते म्हणून तिला २५० के शोभतात, पण हंबकरवर लावले की आवाज झाकोळतो. त्यात पॉटवर छापलेला आकडा खरा असेल असंही नाही, साधारण २० टक्के इकडे तिकडे चालतं, म्हणजे ५०० के लिहिलेला पॉट ४०० पण असू शकतो आणि ६०० पण. माझ्या चारातला एक तर २१० च भरला.

मोजताना एक चूक सगळे करतात. पिकअपची वायर पॉटला जोडलेली असताना मल्टीमीटर लावला तर पॉट नाही, पिकअप मोजला जातो. म्हणून पिकअपची हॉट, म्हणजे सिग्नलची, वायर आधी सोडवायची, मग मीटर २ एम (मेगाओहम) वर ठेवून पॉटच्या बाहेरच्या दोन पायांवर प्रोब लावायचे. आणि पॉट नवीन घेतानाही चार जास्त घ्या आणि घरी मोजून त्यातले वरच्या आकड्याचे नेकला लावा. पुण्यात तापकीर गल्लीच्या परिसरात किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला शोधलं की मिळतात, फक्त दांड्याची लांबी आणि जाडी जुना पॉट खिशात ठेवून जुळवून घ्या, आणि ए म्हणजे ऑडिओ, बी म्हणजे लिनिअर, हे लक्षात ठेवा. व्हॉल्यूमला ए घेतला तर कानाला फेरा समान वाटतो.

पॉट न बदलता आधीच खात्री करायची असेल तर एक सोपी युक्ती आहे, टोन पॉटकडे जाणारी वायर सोडवा आणि पाच मिनिटं तसंच वाजवा. नेक एकदम उघडला तर तुमचं दुखणं पॉटमधेच आहे. उलट ब्रिज कर्कश असेल तर त्याच्या व्हॉल्यूम पॉटच्या हॉट पायापासून ग्राउंडपर्यंत ४७० के चा रेझिस्टर लावून बघा, ५०० के चा पॉट पिकअपला २४२ के सारखा दिसायला लागतो आणि सुई बोथट होते. काही रुपयांचा रेझिस्टर आहे. नव्या पिकअपच्या आधी हा प्रयोग करायलाच हवा असं माझं ठाम मत आहे. टोनच्या कॅपॅसिटरवर मात्र पैसे घालू नका, नॉब दहावर असताना ०.०२२ आणि ०.०४७ मायक्रोफॅरडमधला फरक कळणं अवघड आहे, नॉब खाली आणल्यावरच तो कामाला येतो.

पॉट झाले की केबल. केबलमधे कॅपॅसिटन्स असतो (वीज धरून ठेवायचा गुण, तो वाढला की ट्रेबल जातो), साधारण मीटरला १०० पिकोफॅरड, स्वस्त केबलला १५० पण. आता हिशोब बघा, नेक पिकअपचा इंडक्टन्स (कॉइलचा बदलत्या विजेला होणारा विरोध, तो हेन्रीत मोजतात) ४.५ हेन्री आहे आणि केबल-बिबल धरून ७०० पिकोफॅरड आहेत तर तो धारेचा उंचवटा २८०० हर्ट्झच्या आसपास येतो. तीच गिटार ९ मीटरच्या स्वस्त केबलला लावली, म्हणजे एकूण साडेचौदाशे झाले, की तो घसरून २००० च्या जवळ येतो. आणि ८ हेन्रीचा जास्त आउटपुटचा पिकअप छोट्या केबलवर २१०० ला असतो. म्हणजे तुम्ही शेकडो डॉलर देऊन विंटेज पिकअप आणला आणि लांब केबलने त्याला परत हॉट, म्हणजे जास्त आउटपुटच्या, पिकअपच्या जागी नेऊन बसवला. तीन मीटरची बरी केबल मित्राकडून मागून आणा आणि थेट अँपला लावून ऐका. स्टेजवर लांब केबल लागतेच, तिथे साखळीत पहिलंच पेडल बफरवालं ठेवा (बफर म्हणजे पुढच्या केबलचं ओझं पिकअपपर्यंत न पोचू देणारं सर्किट), बॉस कंपनीच्या बहुतेक पेडलमधे बफर असतो, म्हणजे पिकअपला फक्त पहिल्या छोट्या केबलचंच ओझं दिसतं.

इतकं सगळं करूनही आवाज मनासारखा नसेल, तर मग पिकअप बदलायचा. आणि तेव्हा निवड खूप सोपी होते, कारण आता तुम्हाला नेमकं काय नकोय ते माहीत असतं.

निवडताना लोक सगळ्यात आधी डीसी रेझिस्टन्स बघतात, ७.८ के, ८.४ के, १६ के, आणि त्यावरून ठरवतात की हा हॉट, हा विंटेज. हा आकडा वायरची लांबी आणि जाडी सांगतो, आवाज सांगत नाही. ४२ गेजची तार ०.०६३ मिमी जाड असते, ४३ गेजची ०.०५६, दोन्ही आपल्या केसाहून बारीक, आणि तेवढेच वेढे ४३ ने घातले की ८ के चा पिकअप १० के दाखवतो. वेढे तेच, आकडा चतुर्थांश जास्त. दुसरं, तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला ०.३९ टक्के वाढतो. माझा नेक पिकअप जानेवारीच्या सकाळी ७.८ दाखवतो आणि मे महिन्यात दुपारी ८.४, तोच पिकअप, तेच मीटर. लोक ७.८ घ्यावा का ८.२ यावर रात्र रात्र वाद घालतात, तो सगळा फरक एका उन्हाळ्यात मावतो.

त्याऐवजी इंडक्टन्स विचारा. बऱ्याचदा तो छापलेला नसतो, ईमेल करून विचारायचा, आणि ज्याला पिकअप कळतो तो बनवणारा आनंदाने सांगतो. विंटेज स्ट्रॅट टाइप सिंगल कॉइल २.२ ते २.८ हेन्री, पीएएफ टाइप हंबकर ४ ते ५, हॉट हंबकर ७ ते ९ असं ढोबळ माना. नेक गढूळ वाटत असेल तर ४ च्या जवळपासचा शोधा. ब्रिजला जरा जास्त चालतो.

मॅग्नेटबद्दल थोडक्यात, अल्निको २ मऊ आणि ओढ कमी, अल्निको ५ जास्त ताकदीचा, बेस घट्ट आणि वर चमक, सिरॅमिक त्याहून ताकदवान. पण सिरॅमिक म्हणजे कर्कश आणि अल्निको म्हणजे गोड असं सरसकट नसतं, बरेच हॉट पिकअप सिरॅमिकवर असतात आणि त्यांच्यात वेढे पण भरपूर असतात, मग ऐकणारा वेढ्यांचा परिणाम मॅग्नेटच्या नावावर टाकतो. हंबकरला झाकण असेल तर ते कशाचं आहे ते मात्र नक्की विचारा. निकेल सिल्व्हरचं असेल तर फारसा फरक पडत नाही, पितळेचं असेल तर त्यात एडी करंट, म्हणजे भोवऱ्यासारखे प्रवाह, फिरतात आणि ट्रेबल खातात. स्वस्त गिटारींवर पितळ असतं बऱ्याचदा. जुन्या पिकअपचं झाकण काढून ऐकणं हा पण एक फुकट प्रयोग आहे, फक्त सोल्डर सोडवताना आतली बारीक तार जपा.

पीएएफ हा शब्द पण नीट समजून घ्या, कारण बुटीकवाल्यांचा निम्मा बाजार त्यावर चालतो. गिब्सन कंपनीत सेथ लव्हर या इंजिनिअरने हा हंबकर तयार केला, पेटंटचा अर्ज १९५५ चा, गिटारींवर आला १९५७ ला आणि पेटंट मिळालं १९५९ ला, म्हणून मधल्या काळात पाठीवर पेटंट अप्लाइड फॉर असा स्टिकर लागायचा, त्याची आद्याक्षरं म्हणजे पीएएफ. त्या काळात मॅग्नेट जो हाताशी येईल तो लागायचा, दोन कॉइलचे वेढे सारखे असतीलच असं नव्हतं, त्यामुळे एक पीएएफ दुसऱ्यासारखा नाही. आज प्रत्येक बनवणारा त्यातला त्याला आवडलेला एखादा नमुना धरून नक्कल करतो. म्हणून दोन कंपन्यांचे पीएएफ वेगळे वाजले तर एक खोटा असं नसतं. कॉइल मुद्दाम थोड्या असमान ठेवल्या की आवाज जरा मोकळा होतो, त्या बदल्यात थोडा हम, म्हणजे लाइटची गुणगुण, येतो.

मग बुटीकमधे पैसे कशाचे? मला विचाराल तर मुख्यतः माणसाचे. अमेरिकेत लिंडी फ्रॅलिन, जेसन लोलार, इंग्लंडमधे बेअर नकल, असे बनवणारे तुमचं म्हणणं ऐकून वेढे कमी-जास्त करून देऊ शकतात किंवा निदान त्यांच्या यादीतला कुठला बसेल ते नीट सांगतात, आणि मटेरियल जसं सांगितलं तसंच असतं. हाताने वाइंड केल्यावर तारेचे थर विस्कटलेले बसतात आणि कॉइलचा स्वतःचा कॅपॅसिटन्स कमी होतो हे खरं आहे, पण तो केबलच्या कॅपॅसिटन्सपुढे लहान आहे, त्यामुळे ९ मीटर केबल लावणाऱ्याने या गोष्टीसाठी जास्तीचे पैसे देऊ नयेत. परदेशी बुटीक सेट काही शे डॉलरला पडतो, त्यावर ड्युटी, टॅक्स, कुरिअर. एवढे देणार असाल तर ईमेल नीट लिहा: गिटारचा प्रकार, दोन्ही ई तारांमधलं (सगळ्यात जाड आणि सगळ्यात बारीक) अंतर त्या त्या पिकअपवर किती मिमी, पॉट मोजून किती निघाले, केबल किती, अँप कुठला, गेन (आवाज फाटायची पातळी) किती लावता, आणि आत्ताच्या आवाजात काय खटकतं ते साध्या शब्दांत. हॉट, क्रीमी, वुडी असले शब्द नकोत. "नेकवर जाड ई तारेवर पाचव्या फ्रेटखाली कॉर्डमधले सूर वेगळे ऐकू येत नाहीत" हे वाक्य त्या माणसाला खूप काही सांगून जातं.

तारांमधलं अंतर सहज म्हणून विचारत नाही मी. हंबकरचे पोल दोन मापात येतात, साधारण ४९ मिमी आणि ५३ मिमी. स्ट्रॅट टाइप ब्रिजवर ४९ वाला बसवला की बारीक ई पोलच्या बाहेर जाते आणि बेंड करताना आवाज कमी झाल्यासारखा वाटतो.

मेण हा दुसरा मुद्दा. बरेच विंटेज टाइप बुटीक हंबकर मुद्दाम मेणात न बुडवलेले असतात, कारण जुने तसेच होते, आणि कमी गेनवर ते खरंच जिवंत वाटतात, पिकअपवर बोट आपटलं तरी अँपमधून ऐकू येतं. पण मेटल वाजवणारा तोच घेतो आणि गेन वाढवला की किंकाळी. ती नॉइज गेटने (हळू आवाज कापणाऱ्या पेडलने) जात नाही, कॉइल स्वतःच माइकसारखी वागत असते. जास्त गेन असेल तर ऑर्डर देतानाच पॉटिंग करून, म्हणजे मेणात बुडवून, मागा. घरी गॅसवर मेण वितळवून बुडवायचा प्रयत्न कृपा करून करू नका, बॉबिन, म्हणजे तारेची रिळं, प्लॅस्टिकची असतात आणि मेण पेट घेतं.

सिंगल कॉइलवाल्यांसाठी दोन गोष्टी. विंटेज स्ट्रॅटच्या पिकअपमधे तिसऱ्या, म्हणजे जी तारेचा पोल सगळ्यात उंच असतो, कारण त्या काळी ही तार, वर दुसरी बारीक तार गुंडाळलेली असायची. आज ती साधी असते आणि मग नेमकी तीच बोंबलते, कॉर्डमधे तीच पुढे येते. हुबेहूब विंटेज मागवून मग ही तक्रार करणारे मी खूप पाहिलेत, आधुनिक किंवा सपाट पोल मागा की प्रश्न मिटला. दुसरं, जाड ई तारेवर बाराव्या फ्रेटच्या वर दोन सूर एकमेकांशी भांडल्यासारखे वाजतात, ट्यूनर पण डळमळतो, लोक इंटोनेशन, म्हणजे ब्रिजवर तारेची लांबी, जुळवत बसतात. ती मॅग्नेटची ओढ असते. पिकअप पूर्ण खाली करून बघा, भांडण थांबलं तर तेच कारण. मग जाड बाजूला २.४ आणि बारीक बाजूला २ मिमीपासून परत सुरुवात करा.

आता बसवल्यावरचे बिघाड, कारण अर्धे फोन याचेच असतात.

माझा बुटीक नेक बसवल्यावर मधल्या स्विचवर, म्हणजे दोन्ही पिकअप एकत्र लावल्यावर, आवाज एकदम पातळ, नाकातून बोलल्यासारखा. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे पिकअप उलट्या फेजमधे आले होते, म्हणजे एकाची लाट वर जाते तेव्हा दुसऱ्याची खाली. तपासायची पद्धत काकांनी दाखवली ती अशी, काट्याचा मीटर सगळ्यात लहान डीसी व्होल्टवर ठेवायचा, लाल प्रोब हॉटला, काळा ग्राउंडला, पोलवर एक लोखंडी स्क्रूड्रायव्हर आडवा ठेवायचा आणि झटक्यात उचलायचा. काटा किंचित एका बाजूला उडी मारतो. नेकला तो उजवीकडे गेला, ब्रिजला डावीकडे, काका म्हणाले, "झालं, हे दोघं एकमेकांना खातायत." डिजिटल मीटरवर पण उणे-अधिकचं चिन्ह क्षणभर दिसतं, दोन-चारदा करून बघावं लागतं.

उपाय सोपा, एका पिकअपचे हॉट आणि ग्राउंड उलटे करा. पण इथे फसगत आहे. बुटीक पीएएफ टाइपला बऱ्याचदा जुन्या पद्धतीची जाळीवाली एकच वायर असते, जाळी हीच ग्राउंड आणि तीच झाकणाला जोडलेली. ती उलटी केली तर झाकण हॉट होतं आणि हात लागला की हम. मग मॅग्नेट काढून उलटा बसवावा लागतो. माझा ब्रिज पिकअप चार वायरचा होता म्हणून मी नव्याला हातच लावला नाही, जुन्याचे दोन टोक बदलले आणि उघडी शील्डची तार ग्राउंडलाच ठेवली. चार वायरचे रंग मात्र प्रत्येक कंपनीचे वेगळे, सीमोर डंकनमधे काळी हॉट, हिरवी ग्राउंड, लाल-पांढरी एकत्र जोडायची, डिमार्झिओमधे लाल हॉट, हिरवी ग्राउंड, काळी-पांढरी एकत्र. एकाचा तक्ता दुसऱ्याला लावू नका. हा उलट्या फेजचा आवाज काही जणांना मुद्दाम हवा असतो, फ्लीटवुड मॅकच्या पीटर ग्रीनच्या १९५९ च्या लेस पॉलमधला मधला आवाज असाच, नेकचा मॅग्नेट उलटा बसल्यामुळे आलेला. आवडला तर ठेवा.

पिकअप अजिबात वाजत नसेल तर गिटार उघडायच्या आधी केबल लावा, व्हॉल्यूम दहावर, आणि केबलच्या दुसऱ्या टोकाला जॅकच्या टोकावर एक प्रोब आणि बाहेरच्या नळीवर दुसरा. ८ के चा पिकअप ५०० के च्या पॉटसकट ७.९ च्या आसपास दिसला पाहिजे. शून्य आला तर कुठेतरी शॉर्ट आहे. आणि थेट ५०० के च्या जवळपास आकडा आला तर मीटर फक्त पॉट बघतोय, म्हणजे कॉइल तुटली आहे किंवा पिकअपची वायर सुटली आहे.

हमचं निदान हाताने होतं. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी झाली तर ग्राउंड व्यवस्थित आहे, शील्डिंग कमी आहे, आत तांब्याची पट्टी लावली की बराच फरक पडेल. हात लावल्यावर वाढली तर हॉट-ग्राउंड कुठेतरी उलटे झालेत, वायरिंग परत बघा. आणि गिटार घेऊन जागेवर गोल फिरलात आणि हम कमी-जास्त झाला तर तो आपल्या ५० हर्ट्झच्या लाइटचा चुंबकी हम आहे, अँपचा ट्रान्सफॉर्मर, अ‍ॅडॉप्टर, त्याला तांब्याची पट्टी काही करत नाही, अंतर ठेवणं किंवा हंबकर हाच उपाय.

एक गोष्ट मात्र पिकअपच्या पलीकडची आहे आणि ती गांभीर्याने घ्या. गणपतीत आम्ही एका मांडवात जनरेटरवर वाजवत होतो, गायला गेलो आणि माइकला ओठ लागताच झिणझिणी आली, हात तारांवर होता. आम्ही सगळं तिथेच बंद केलं, इलेक्ट्रिशियनला बोलावलं, तर प्लगला तिसरी पिन होती पण अर्थिंगची तार कुठे जातच नव्हती. अशी झिणझिणी कधीही आली, घरी सुद्धा, तर वाजवणं लगेच थांबवा, गिटार बाजूला ठेवा आणि अर्थिंग तपासून घ्या. अँपची तिसरी पिन काढून हम घालवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, जीव जाऊ शकतो.

आणि नवा पिकअप आल्या आल्या वायर कापू नका. पूर्ण लांबी ठेवून आधी क्रोकोडाइल क्लिपने थेट जॅकला लावून ऐका, मग पॉटमधून, मग सोल्डर. वायर कापलेला पिकअप सहसा कोणी परत घेत नाही. माझ्या गिटारीत आता ५४० आणि ५२५ भरलेले पॉट आहेत नेकला, केबल तीन मीटरची, नेक जाड बाजूला तीन कार्डं आणि वर थोडंसं, बारीक बाजूला तीन कार्डं घट्ट. आधीच्या विंटेज अल्निको सेटमधला नेक पिकअप डब्यात पडून होता, मागच्या महिन्यात तो याच पॉटवर क्लिपने लावून ऐकला. छान वाजतो. एका मित्राची मुलगी गिटार शिकतेय, तिच्या गिटारीत या रविवारी तो बसवतोय, पॉट मोजून ठेवलेत.